विसरलेल्यांची ओळख जपणारे हात

(जागतिक अल्झायमर दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी माणसाच्या अधःपाताच्या पायऱ्याही दाखविल्या आहेत. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि अखेर बुद्धिनाश. सभागृहातील अनेकांना हे श्लोक लहानपणापासून मुखोद्गत असतील. 'डिमेन्शिया' या विकारासाठी मराठीत प्रतिशब्द हवा झाला तेव्हा हाच शब्द हाताशी आला आणि तो रुळलाही. पण या सोयीने एक घोटाळा करून ठेवला आहे. गीतेतील स्मृतिभ्रंश म्हणजे विवेकाचे विस्मरण. त्याला माणूस स्वतः कारण असतो आणि साधनेने तो टळतो. दवाखान्यातला स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या पेशींचा ऱ्हास आहे. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिने मेंदूत साचत जातात, पेशींचे परस्परांशी असलेले संधान तुटते, पेशी मरतात. काही रुग्णांत मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडल्याने तेच घडते. यात कोणाच्या क्रोधाचा, लोभाचा किंवा पूर्वकर्माचा संबंध नाही. तरीही घराघरांतून 'आयुष्यभर ताडताड बोलल्या, आता भोगताहेत' असे उद्गार ऐकू येतात. शब्द पवित्र असला तरी तो चुकीच्या जागी पडला की असा काच करतो.

हा आजार किती पसरला आहे? भारतातील 60 वर्षांवरील व्यक्तींच्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटात शंभरात सुमारे 7.4 जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशात एकंदर सुमारे 88 लाख. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आणि, अनेकांना नवल वाटेल, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. 'हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार' ही समजूत या एका आकड्याने निकालात निघते. आजार उलटवील असे औषध आजही कोणत्याच वैद्यकपद्धतीकडे नाही. काही औषधे लक्षणे थोडा काळ सौम्य करतात. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध अगदी आरंभीच्या अवस्थेत आजाराची गती काहीशी कमी करते, पण गेलेली स्मृती परत आणत नाही. ब्राह्मीविषयी प्रश्न प्रत्येक सभेत येतो. ब्राह्मीवर अभ्यास झाले आहेत, होत आहेत. परंतु झालेला स्मृतिभ्रंश तिने बरा झाल्याचा पुरावा नाही, आणि तसे सांगून कोणी पैसे घेत असेल तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

औषध नाही, तेव्हा उरतात ती माणसे. या आजारावरील संशोधन आणि शुश्रूषा यांच्या केंद्रांतून काम करणारी ही माणसे कोण, ती काय करतात आणि समाज त्यांच्याशी कसा वागतो, हा आजचा विषय आहे. संशोधन म्हटले की डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकावर वाकलेला शास्त्रज्ञ येतो आणि शुश्रूषा म्हटले की पांढऱ्या वेषातील परिचारिका. प्रत्यक्षातील चित्र याहून पुष्कळ विस्तृत आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र आहे. इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांनी त्यासाठी 225 कोटी रुपयांचे दान दिले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची उभारणी करणाऱ्या डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूचे काम उभे राहिले आणि 20 जून 2022 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केंद्राच्या वास्तूचे उद्घाटन केले. भारतीय धन, भारतीय शास्त्रज्ञ, भारतीय मेंदू आणि भारतीय प्रश्न, असा हा योग आहे. पण या केंद्राचे खरे वैशिष्ट्य त्या वास्तूत नसून तेथून कित्येक कोस दूर, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात आहे.

श्रीनिवासपूर आंब्यांसाठी प्रसिद्ध. आंध्रच्या सीमेला लागून असल्याने लोक कन्नडइतकेच सहज तेलुगूही बोलतात. येथील 45 वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्याचा संकल्प केंद्राने सोडला. आज निरोगी असलेल्या माणसांपैकी उद्या कोणाचा मेंदू क्षीण होतो, का होतो आणि कोणाचा होत नाही, हे पाहायचे तर वाट पाहावी लागते. स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्ताची तपासणी, जनुकीय विश्लेषण, मेंदूचे एमआरआय, आणि ठरावीक काळाने पुन्हा तेच. पाश्चात्त्य देशांत असे अभ्यास अनेक दशके चालत आले आहेत; भारतीय खेड्यात, एवढ्या व्यापक प्रमाणावर, ते नवे होते.

आता या कामातील माणसे पाहा. गावात जाऊन शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणारा क्षेत्रकार्यकर्ता किंवा कार्यकर्ती हा या संपूर्ण डोलाऱ्याचा पहिला खांब. ज्याला काहीही झालेले नाही अशा धडधाकट माणसाला 'तुमचे रक्त द्या, एक दिवसाचे काम बुडवा, त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून राहा आणि पुढच्या वेळी पुन्हा या' असे पटवायचे म्हणजे काय, याची कल्पना घरोघर संपर्क करणाऱ्या कार्यकर्त्याला लगेच येईल. रक्ताचा नमुना म्हटले की खेड्यात शंका येतातच. मोबदला काय, हा प्रश्न येतो. 'मला तर काही विसरायला होत नाही' हे उत्तर येते. पहिली भेट कोणीही घेतो. तिसऱ्या वर्षी त्याच दारात हसतमुखाने उभे राहायचे आणि दार उघडले जायचे, यात त्या माणसाची कसोटी असते. एका सहभागी व्यक्तीने मधेच नकार दिला तर मागच्या सर्व वर्षांची नोंद अपुरी राहते. मोठमोठ्या नियतकालिकांतून शोधनिबंध प्रसिद्ध होतात तेव्हा त्यावर नावे तज्ज्ञांची असतात. ओसरीवर बसलेल्याचे नाव फार तर आभाराच्या परिच्छेदात.

चाचणी घेणाऱ्यांचे कामही असेच, वरून सोपे वाटणारे. स्मरणशक्ती मोजण्याची जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख विचारली जाते, एक वाक्य वाचून तसे करायला सांगितले जाते, एक वाक्य लिहायला सांगितले जाते, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. जन्मभर पाटी हातात न धरलेल्या आजीला ही प्रश्नावली दिली तर ती शून्याजवळ येईल आणि कागदावर स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरेल. वस्तुतः घरातल्या तीन पिढ्यांची देणीघेणी तिच्या तोंडी असतील. 1990 च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ परिसरात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून या प्रश्नावलीला हिंदी आणि निरक्षर समाजाला साजेसे रूप दिले. दिवसाचा कोणता प्रहर आहे ते विचारले. शंभरातून सातऐवजी वीसातून तीन वजा करायला सांगितले. लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराविषयी काही सांगायला सांगितले. आणि त्याच्या जोडीला घरच्यांना विचारायचे प्रश्न तयार केले. होळी-दिवाळीसारखे सण यांच्या लक्षात राहतात का? घरातल्या लग्नकार्यासारख्या प्रश्नावर मत देतात का? गावात वाट चुकतात का? हे प्रश्न कोणत्याही विदेशी पुस्तकातून येणे शक्य नव्हते. समाजात राहून, समाजाच्या रीतीने विचारले तेव्हाच ते सापडले. आपल्या ज्ञानव्यवहाराचे भारतीयीकरण म्हणून जे काही बोलले जाते, त्याचे इतके नेमके आणि इतके कमी चर्चिले गेलेले उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

भाषेचा संबंध येथे संपत नाही. हैदराबादमधील निजाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि ही गोष्ट निरक्षरांतही आढळली. शाळेचे तोंड न पाहिलेला, पण घरी तेलुगू, बाजारात उर्दू आणि कामावर हिंदी बोलणारा हैदराबादी माणूस मेंदूची अशी मशागत नकळत करीत असतो. भारताची भाषिक विविधता ही अडचण मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

बंगळुरूतच निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे. मरणोत्तर दान केलेले मेंदू येथे संशोधनासाठी जतन होतात. देशातील अशी ही पहिली पेढी. जिवंतपणी अल्झायमरचे निदान कितीही काळजीपूर्वक केले तरी ऊतींच्या पातळीवरची अंतिम खात्री मृत्यूनंतरच्या तपासणीतून होते, म्हणून या दानाचे मोल फार. देवांच्या कार्यासाठी अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तरी प्रत्यक्ष प्रसंगी घरातील एखादा वडीलधारा विचारतो, 'अंत्यसंस्काराचे काय?' मेंदू काढून घेतल्यावर देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो आणि सर्व संस्कार यथाविधी होऊ शकतात. पण हे उत्तर त्या घटकेला, रडणाऱ्या मुलाला, घाई न करता सांगावे लागते. कारण मेंदूला काळाची मर्यादा असते आणि शोकाला ती नसते. ते सांगणारा समुपदेशक आणि शवागारात त्या देहाला हात लावणारा सहाय्यक यांच्याविषयी दधीचींच्या कथेत काही नाही. वज्र घडविणाऱ्यांचा उल्लेख होतो. अस्थी हळुवारपणे वेगळ्या करणारे कोणी असतील, त्यांचा नाही.

आता शुश्रूषेकडे येऊ. येथे क्षणभर थांबावे लागेल, कारण या आजाराचे सारे ओझे येथेच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे शुश्रूषा केंद्र हे वृद्धाश्रमापेक्षा वेगळे असते. वृद्धाश्रमातील माणसाला आपण कोठे आहोत हे माहीत असते. इथल्या माणसाला ते रोज, कित्येकदा तासातासाला, नव्याने कळते आणि पुन्हा निसटते. सकाळी आंघोळीला नेणारी सेविका त्याच्या दृष्टीने कपडे उतरवू पाहणारी अनोळखी बाई असते. तो ओरडतो, ढकलतो, प्रसंगी मारतो. प्रशिक्षित सेविका अशा वेळी जोर करीत नाही. ती समोरून येते, मागून नव्हे. नाव घेऊन हाक मारते. आधी पाण्यात त्याचा हात बुडवू देते. त्या दिवशी आंघोळ नकोच असेल तर अंग पुसून घेते आणि उद्याची वाट पाहते. ज्या घरात रोज स्नान केल्याशिवाय देवपूजा होत नाही, त्या घरातील मुलाला ही तडजोड पटायला वेळ लागतो. 'बाबांना आज आंघोळ नाही घातली?' हा प्रश्न तो रागाने विचारतो. उत्तर द्यायला उभी असते ती दहावी-बारावी झालेली मुलगी.

सायंकाळ ही सर्वांत अवघड वेळ. दिवस कलू लागला की अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. ज्यांनी चाळीस वर्षे पाच वाजता कचेरी सोडली ते दाराशी जाऊन उभे राहतात. जिने आयुष्यभर तिन्हीसांजेला दिवा लावला, ती दिवा शोधू लागते, मुले अजून घरी का आली नाहीत म्हणून कासावीस होते. ती मुले आज साठीची आहेत. अशा वेळी 'आजी, तुमची मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली' असे सत्य सांगणारा माणूस तिला दर संध्याकाळी नवे दुःख देतो. अनुभवी सेविका म्हणते, 'येतीलच, तोवर आपण वाती वळू.' आणि कापूस तिच्या हातात देते. बोटांना वाती वळणे आठवत असते. ओठांना स्तोत्रे आठवतात. नुकतेच जेवलो हे न आठवणारी माणसे रामरक्षा किंवा हरिपाठाचे अभंग अडखळल्याविना म्हणताना आढळतात. खोटे बोलणे आणि दुःख न देणे यांतील ही सीमारेषा धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही विचारात पाडील. सेविकेला तो विचार करायला अर्धे मिनिटही मिळत नाही.

ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी 1990 च्या दशकात या शुश्रूषेला एक दिशा दिली. रुग्णाचा आजार पाहण्याआधी त्याच्यातील व्यक्ती पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. अनेक केंद्रांतून म्हणूनच प्रत्येक रुग्णाची एक वही असते. त्यात औषधांचे कोष्टक तर असतेच, पण त्याबरोबर, गाव कोणते, व्यवसाय काय होता, चहात साखर किती, कुठल्या बाजूच्या कुशीवर झोपतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. निवृत्त पोस्टमास्तरांच्या हातात जुने लिफाफे दिले की ते तासभर शांतपणे ते लावीत बसतात. हे कुठल्याही औषधशास्त्रात लिहिलेले नाही. ते कोणीतरी पाहिले, वहीत लिहिले, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने ते वाचले.

बंगळुरू, पुणे, मुंबई अशा शहरांत आणखी एक गोष्ट घडते. मागाहून शिकलेल्या भाषा बहुधा आधी विरतात आणि बालपणीची भाषा शेवटपर्यंत टिकते. नोकरीनिमित्त चाळीस वर्षे बंगळुरूत राहिलेली, सुरेख कन्नड बोलणारी मराठी गृहिणी एक दिवस केवळ मराठी बोलू लागते. तिच्याजवळ असलेली मुलगी असते हसन किंवा रायचूरकडची. मग ती मुलगी वीस-पंचवीस मराठी शब्द शिकते: पाणी, दुखतंय का, चला, झोपा, आले हं. मराठी मंडळांच्या वतीने महाराष्ट्राबाहेर भाषासंवर्धनाचे पुष्कळ उपक्रम चालतात. या मुलींना ते शब्द शिकविण्याचा उपक्रम कोणी केला तर ती भाषेचीही सेवा ठरेल.

येथवर केंद्रांविषयी झाले. परंतु भारतातील बहुसंख्य रुग्ण कोणत्याही केंद्रात नाहीत, घरी आहेत. म्हणून गोव्यात झालेल्या एका कामाची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला असावी. स्मृतिभ्रंशाचे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्यावर दहा टक्क्यांहूनही कमी संशोधन होते, हे ध्यानात आणून देणारा '10/66' नावाचा एक आंतरराष्ट्रीय संशोधनगट आहे. त्याच्याशी संबंधित डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये गोव्यातील एक पाहणी प्रसिद्ध केली. तिचे निष्कर्ष सुखद नव्हते. लोकांना लक्षणे ओळखू येत होती, पण तो आजार आहे हे ठाऊक नव्हते. काहींना ते म्हातारपण वाटे. काहींना मुलांनी नीट न सांभाळल्याचा परिणाम वाटे. म्हणजे जी सून दिवसरात्र राबत होती तिच्यावरच गाव दोषारोप करीत होते. सांभाळ करण्यामागे वारशाची अपेक्षा असल्याचेही लोकांनी बोलून दाखविले. वृद्धाश्रम अशा रुग्णांना घ्यायला तयार नव्हते.

त्यानंतर डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. 81 कुटुंबे निवडली. त्यांतील निम्म्यांकडे सहा महिने गृहशुश्रूषा सल्लागार जाऊ लागले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. स्थानिक भाषा जाणणारी, बारावीपर्यंत शिकलेली, वृद्धांविषयी आस्था असलेली ही साधी माणसे. त्यांना थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण दिले. मागे एक समुपदेशक आणि अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ. ते पंधरा दिवसांतून एकदा तरी घरी जात, आजार समजावून सांगत, आरडाओरड किंवा भटकणे कसे हाताळावे ते दाखवीत, सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा दुसऱ्या कुटुंबांशी गाठ घालून देत. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांची स्मृती परत आली नाही. ती येणारच नव्हती. मात्र सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, त्यांचा ताण उतरला. नेमाने घरी येणाऱ्या एका माणसाने ऐकून घेतले आणि मार्ग दाखविला, एवढ्याने हे झाले.

येथे आपल्या कुटुंबव्यवस्थेविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आईवडिलांच्या सेवेचा आदर्श म्हणून आपण भक्त पुंडलिकाकडे पाहतो. साक्षात परब्रह्म दारी आले असताना त्याने सेवा सोडली नाही, वीट पुढे केली, आणि पंढरपूर उभे राहिले. हा आदर्श उणा होऊ देता कामा नये. पण पुंडलिकाच्या घरात पाणी कोणी भरले, मळलेली वस्त्रे कोणी धुतली, रात्री किती जण जागले, हे कथा सांगत नाही, आणि आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत नेमका प्रश्न तोच आहे. संयुक्त कुटुंबात हे ओझे पाच-सहा जणांत वाटले जाई. आता ते एका स्त्रीवर येते. बहुधा पत्नीवर, सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर. ती थकते, आजारी पडते, कधी हातही उचलते आणि मग स्वतःला क्षमा करू शकत नाही. अशा वेळी रुग्णाला दिवसभरासाठी किंवा कायमचे केंद्रात ठेवणे म्हणजे संस्कृतीचा त्याग, अशी टीका नातेवाईक करतात. त्यांतील बरेच जण वर्षातून एकदा, दिवाळीत, पाया पडायला येणारे असतात. आईला जिथे ओळखणारे, न मारणारे, वेळेवर भरविणारे हात मिळतात, तिथे तिला नेणारा मुलगा पुंडलिकाच्या वाटेवरचाच आहे. केंद्रात ठेवून फिरकलाच नाही, तर गोष्ट निराळी.

आणि त्या हातांना आपण काय देतो? घरी रुग्ण असला की लोक ब्यूरोतून बाई ठेवतात. तिला किती मिळतात आणि त्यांतले ब्यूरो किती कापून घेतो, हे अनेक घरांना ठाऊक नसते. बारा तासांची ड्यूटी, जेवणाचा डबा स्वतःचा, आणि पाळी बदलायला येणारी दुसरी बाई आली नाही तर रात्रही तिचीच. केंद्रांतूनही अवस्था फार निराळी असते असे नाही. व्यासपीठावरून तिच्या कामाला 'सेवा' म्हटले जाते; महिनाअखेरीस तोच शब्द वेतन वाढवायचे टाळण्यासाठी वापरला जातो. सेवा हे व्रत स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते, आणि तेही त्याच्या मुलांच्या शाळेच्या शुल्कातून तर नव्हेच. स्वयंसेवी कामात जन्म घालविलेल्या संस्थांनाही हे ऐकणे सोपे जाणार नाही.

यात रुग्णाचे हितही गुंतलेले आहे. सहा महिन्यांनी ती मुलगी दुकानात विक्रेती म्हणून निघून जाते, कारण तिथे हजार-दोन हजार अधिक मिळतात आणि कोणी चावत नाही. तिच्याबरोबर तिने जमविलेले सारे ज्ञान जाते. आजोबा उजव्या हाताने घास घेत नाहीत, डाव्या बाजूने भरवावे. घास गिळेपर्यंत पाणी देऊ नये, ठसका लागतो. रात्री तीनला उठले तर स्वच्छतागृहाचा दिवा लावून ठेवावा. वहीत यातले निम्मे असते. निम्मे तिच्या हातांत होते. नवी मुलगी येते आणि आजोबांसाठी पुन्हा एक अनोळखी व्यक्ती कपडे उतरवू लागते. 2020 च्या टाळेबंदीत याचा अनुभव देशभरातील केंद्रांनी घेतला. नातेवाईकांच्या भेटी बंद, कर्मचारी आठवडेच्या आठवडे आतच, आणि तोंडावर मुखपट्टी. चेहऱ्यावरूनच कशीबशी माणसे ओळखणाऱ्यांना तो चेहराही दिसेनासा झाला. अशा वेळी आवाज आणि स्पर्श यांवरच काम भागवावे लागले.

प्रशिक्षणाची सोय अगदीच नाही असे नाही. अल्झायमर रुग्णांसाठी काम करणारी 'आर्डसी' ही राष्ट्रीय संस्था 1992 मध्ये कोचीत स्थापन झाली. तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत आणि ती शुश्रूषकांना शिकविण्याचे काम करते. केरळ सरकारने 2014 पासून तिच्या साहाय्याने 'स्मृतिपथम्' हा उपक्रम चालविला. महाराष्ट्रात वृद्धांची संख्या मोठी, सेवासंस्थांचे जाळे घट्ट, आणि तरी अशा प्रशिक्षित हातांची वानवा आहे.

ज्या नगरांत आपल्या कार्यकर्त्यांचा नित्य संपर्क आहे, तिथे आठवड्यातून दोन तास एखाद्या घरी जाऊन रुग्णाजवळ बसणे अवघड नाही. त्या दोन तासांत घरच्या स्त्रीला बँकेत, देवळात किंवा नुसते झोपायला जाता येईल. जाण्यापूर्वी तिच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची, चहात साखर किती आणि कशाला ते घाबरतात. बसताना समोर बसावे. तोच प्रश्न अकराव्यांदा आला तर अकराव्यांदा उत्तर द्यावे. 'ओळखलंत का मला?' असे मात्र विचारू नये. आपले नाव आपणच सांगावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगावे.